तबकडीवर कोरलेले अंतर

रायफलीतून सुटलेली गोळी निदान काही अंतरापर्यंत तरी अगदी सरळ रेषेत जाते, असा समज विद्यार्थ्यांमध्येच नव्हे तर मोठ्यांमध्येही आढळतो. गोळीचा वेग इतका प्रचंड असतो की तिला खाली पडायला सवडच मिळत नाही, असे कारण सांगितले जाते. हे खरे नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडल्याच्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते, आणि टेबलावरून घरंगळलेली गोटी पहिल्या काही क्षणांत जेवढी पडते तेवढीच तीही पडते. फरक इतकाच की तेवढ्या वेळात गोळी शेकडो मीटर पुढे गेलेली असते.

म्हणून लांबच्या लक्ष्यावर नेम धरायचा तर नळीचे तोंड किंचित वर उचलावे लागते. किती वर, हे ठरवण्यासाठी रायफलीवरच्या दुर्बिणीला एक फिरती तबकडी, म्हणजेच डायल, बसवलेली असते. अमेरिकेत आणि युरोपात यातला एक खास प्रकार मिळतो. रायफलीची आणि काडतुसाची माहिती कळवली की तुमच्यापुरती तबकडी तयार करून मिळते आणि तिच्यावर कोनाऐवजी थेट अंतरे कोरलेली असतात : २००, ३००, ४०० मीटर. लक्ष्य ४०० मीटरवर असेल तर ४ या आकड्यापर्यंत तबकडी फिरवायची आणि नेम धरायचा. आकडेमोड नको, तक्ता नको.

ही सोय कशी साधली जाते, तिच्यावर कुठवर विसंबावे आणि ती निवडताना काय पाहावे, ते या लेखात पाहू. विषय रायफलीचा असला तरी मुद्दा मोजमापाचा आहे, आणि तो प्रयोगशाळेतल्या प्रत्येक उपकरणाला लागू पडतो.

गोळी किती पडते?

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. ७.६२ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची, टोकदार गोळी सेकंदाला ७९० मीटर वेगाने सुटली. हवा नसती तर ८०० मीटर जायला तिला १.०१ सेकंद लागले असते आणि तेवढ्या वेळात ती सुमारे ५ मीटर खाली आली असती. हे गणित नववीचा विद्यार्थीही करू शकेल. प्रत्यक्षात हवेच्या रोधामुळे गोळीचा वेग घटत जातो. समुद्रसपाटीच्या हवेत ८०० मीटरवर तो जेमतेम ४१० मीटर प्रतिसेकंद उरतो, प्रवासाला १.४ सेकंद लागतात आणि गोळी ७.८ मीटर पडते. दोन मजल्यांहून अधिक!

आता दुर्बीण नळीच्या वर सुमारे ५ सेंटिमीटरवर बसवलेली आहे आणि १०० मीटरवर नेम व गोळी एकाच ठिकाणी जुळवून घेतली आहेत असे समजू. या जुळवणीला 'झिरो करणे' म्हणतात. एन.सी.सी.तून गेलेल्या वाचकांना हा शब्द ओळखीचा असेल. यापुढच्या प्रत्येक अंतरासाठी नळी आणखी किती उचलावी लागेल, याचे आम्ही केलेले गणित असे आहे. आकडे अंदाजी, पण व्यवहाराला धरून आहेत.

२०० मीटर : ०.७ मिलिरेडियन
३०० मीटर : १.६ मिलिरेडियन
४०० मीटर : २.६ मिलिरेडियन
५०० मीटर : ३.९ मिलिरेडियन
६०० मीटर : ५.२ मिलिरेडियन
७०० मीटर : ६.८ मिलिरेडियन
८०० मीटर : ८.६ मिलिरेडियन

या यादीतली एक गोष्ट विद्यार्थ्यांना शोधायला सांगावी. अंतर दर वेळी १०० मीटरनेच वाढते, पण कोन सारखा वाढत नाही. २०० वरून ३०० वर जाताना ०.९ मिलिरेडियन पुरतात, तर ७०० वरून ८०० वर जाताना १.८ लागतात. त्यामुळे अंतरे कोरलेल्या तबकडीवर जवळच्या अंतरांच्या खुणा दाटीने असतात आणि लांबच्या अंतरांच्या खुणा विरळ होत जातात.

दुर्बिणीला कळतो तो फक्त कोन

मिलिरेडियन म्हणजे रेडियनचा हजारावा भाग. कंस = त्रिज्या × कोन हे सूत्र वापरले तर १ मिलिरेडियन कोनासमोर १०० मीटरवर १० सेंटिमीटर लांबी येते, ५०० मीटरवर ५० सेंटिमीटर. दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे एकक लगेच पटते. दुसरे रूढ एकक म्हणजे कोनाचे मिनिट, अंशाचा साठावा भाग. त्याच्यासमोर १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर येतात. यार्ड आणि इंचांच्या देशात ते सोयीचे ठरले, कारण १०० यार्डांवर ते जवळजवळ १ इंच भरते.

तबकडी फिरवताना टक्-टक् असा आवाज येतो आणि बोटांना प्रत्येक टप्पा जाणवतो. बहुतेक दुर्बिणींत असा एक टप्पा ०.१ मिलिरेडियनचा किंवा पाव मिनिटाचा असतो. तबकडीखाली बारीक आट्यांचा स्क्रू असतो. तो दुर्बिणीच्या आतली, भिंगे धरणारी एक छोटी नळी किंचित ढकलतो आणि समोरून स्प्रिंग तिला दाबून धरते. वस्तुभिंगाचे नाभीय अंतर २०० मिलिमीटर धरले तर ०.१ मिलिरेडियनसाठी ही नळी प्रतिमेच्या ठिकाणी केवळ ०.०२ मिलिमीटर सरकावी लागते. दुर्बिणीची किंमत का वाढते, ते यावरून कळेल. एवढी सूक्ष्म हालचाल शेकडो वेळा, धक्के सोसून, अचूक व्हायला हवी असते.

पण या सगळ्या यंत्रणेला अंतर मुळीच कळत नाही. स्क्रू फिरला की कोन बदलतो, एवढेच. त्या कोनाला '४०० मीटर' हे नाव द्यायचे तर गोळीचा वेग, तिचा आकार, हवेची घनता, दुर्बिणीची उंची हे सारे आधी ठरलेले असावे लागते. तबकडीवर आकडा कोरला की ही सारी गृहीतकेही त्याच्याबरोबर कोरली जातात, मात्र ती डोळ्यांना दिसत नाहीत.

मुंबईत रिक्षा-टॅक्सीचे यांत्रिक मीटर होते तो काळ आठवावा. मीटर एक आकडा दाखवी आणि चालक खिशातून दरपत्रक काढून त्या आकड्याचे रुपये सांगे. भाडे वाढले की दरपत्रक बदले, मीटर तेच राही. कोनाची तबकडी हा असा मीटर आहे आणि अंतर-कोनाचा तक्ता हे त्याचे दरपत्रक. अंतरे कोरलेली तबकडी म्हणजे थेट रुपये दाखवणारा मीटर. वाचायला सोपा, पण दर बदलला की चुकीचे रुपये तो तितक्याच ठामपणे दाखवणार.

जुनी पट्टी, नवी गोळी

हत्यारावरच अंतरे लिहिण्याची कल्पना दुर्बिणींच्या आधीची आहे. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या .३०३ लष्करी रायफलीच्या मागच्या नेमपट्टीवर अंतराचे आकडे असतात. सरकता तुकडा हव्या त्या आकड्यावर आणला की नेम त्या अंतराला बसतो. १९६३ मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेल्या द्रागुनोव्ह रायफलीच्या दुर्बिणीवरही १ ते १० असे शेकडा मीटरचे आकडे कोरलेले होते. सैन्याला हे परवडते, कारण लाखो काडतुसे एकाच नमुन्याची असतात.

नमुना बदलला तर? याचे उत्तर इतिहासात आहे. .३०३ रायफलीचे मार्क ६ काडतूस बोथट, १३.९ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ६३० मीटर वेगाने सोडत असे. १९१० मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्क ७ स्वीकारले. त्याची गोळी टोकदार, ११.३ ग्रॅमची आणि वेग सुमारे ७४० मीटर प्रतिसेकंद होता. नवी गोळी वेगवान आणि हवा कापत जाणारी, म्हणून तिचा मार्ग अधिक सपाट. म्हणजे पट्टीवरच्या ज्या खुणेने जुनी गोळी लक्ष्यावर जाई, त्याच खुणेवर नवी गोळी डोक्यावरून जाणार. रायफल तीच, पट्टी तीच, पण तिच्यावरचे आकडे खोटे ठरले. नेमपट्ट्या नव्याने आखाव्या लागल्या.

भारतीय सैन्य मात्र मार्क ६ वरच राहिले होते. १९१४ मध्ये लाहोर आणि मीरत या डिव्हिजन पहिल्या महायुद्धासाठी फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांनी भारतातून आणलेल्या रायफली जमा करून घेऊन त्यांना नव्या नमुन्याच्या रायफली आणि मार्क ७ काडतुसे देण्यात आली. अनोळखी हत्यार हाती घेऊन थोड्याच दिवसांत हे जवान आघाडीवर गेले. मोजपट्टी आणि ती ज्यासाठी आखली ती वस्तू यांची जोडी फुटली की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

हवा बदलली की

आता आजच्या तबकडीकडे वळू. समजा, समुद्रसपाटीच्या हवेसाठी कोरलेली वरच्या उदाहरणातली तबकडी घेऊन कोणी कोलोरॅडोच्या पहाडात, २००० मीटर उंचीवर गेला. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८० टक्के असते. रोध कमी, म्हणून गोळी लवकर पोचते आणि कमी पडते. तबकडीवर मात्र जुनाच कोन आहे. आमच्या गणिताप्रमाणे गोळी ३०० मीटरवर अवघी अडीच सेंटिमीटर वर लागेल, पण ८०० मीटरवर सुमारे पाऊण मीटर वर जाईल.

गोळीचा सुरुवातीचा वेग घटला तरी असेच होते. तो ७९० ऐवजी ७७० मीटर असेल, म्हणजे फक्त अडीच टक्के कमी, तर ३०० मीटरवर गोळी ४ ते ५ सेंटिमीटर खाली लागते आणि ८०० मीटरवर जवळजवळ अर्धा मीटर. वेगात एवढा फरक पडायला फार काही लागत नाही. नळीची लांबी, काडतुसांचा निराळा गठ्ठा, कडाक्याच्या थंडीत मंद जळणारी दारू, यांपैकी कोणतेही कारण पुरते.

हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की एक स्पष्ट रेघ दिसते. जवळच्या अंतरांवर गृहीतके थोडी चुकली तरी तबकडी सांभाळून घेते. लांबच्या अंतरांवर तीच चूक कित्येक पटींनी वाढते. कारण सोपे आहे : प्रवासाचा वेळ वाढतो आणि पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

तबकडी जे सांगत नाही

तबकडी चोख असली तरी दोन गोष्टी तिच्या बाहेरच राहतात. पहिली, लक्ष्याचे खरे अंतर. ८०० मीटरच्या आसपास अंतराच्या अंदाजात २५ मीटरची चूक झाली तर गोळी सुमारे ३५ सेंटिमीटर वर किंवा खाली जाते. ३०० मीटरच्या आसपास तीच चूक ७-८ सेंटिमीटरवर भागते. म्हणून अशा तबकडीबरोबर लेझर अंतरमापक जवळजवळ सक्तीचाच ठरतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आडवा वारा सेकंदाला ४ मीटर, म्हणजे झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या हलवण्याइतका असेल, तर आपल्या उदाहरणातली गोळी ३०० मीटरवर १८ सेंटिमीटर आणि ६०० मीटरवर ८० सेंटिमीटर बाजूला वाहत जाते. शिवाय वारा वाटेत सगळीकडे सारखा नसतो. उन्नत कोनाच्या तबकडीत याचे काहीच प्रतिबिंब नाही.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांमुळे शिकारीला बंदी आहे. ज्या देशांत परवाना घेऊन हरणांची हंगामी शिकार करता येते, तिथे मात्र ही तबकडी मुख्यतः शिकारीच विकत घेतात. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग वीतभर, फार तर २०-२५ सेंटिमीटर असतो. ६०० मीटर जायला गोळीला जवळजवळ एक सेकंद लागतो, आणि तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकू शकते. तबकडीवर ६ हा आकडा कोरलेला आहे म्हणून गोळी झाडली आणि वारा, अंतर किंवा हवा यांपैकी काही चुकले, तर जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात निघून जाते. आकडा किती सुबक कोरला आहे यावरून तो किती खरा आहे हे ठरत नाही, ही गोष्ट इथे केवळ परीक्षेतल्या गुणांपुरती उरत नाही.

निवड आणि वापर

मग अशी तबकडी घ्यावी की न घ्यावी? ज्याची रायफल एक, काडतूस एकाच प्रकारचे, प्रदेश ठरलेला आणि अंतरे ४००-५०० मीटरच्या आत, त्याला ती उत्तम. घाईच्या वेळी तक्ता पाहण्यात होणारी चूक टळते. ज्याची काडतुसे बदलतात, जो कधी मैदानात तर कधी पहाडात जातो किंवा ज्याला फार लांबच्या स्पर्धांत भाग घ्यायचा आहे, त्याने कोनाची साधी तबकडी आणि वेगळा तक्ता ठेवणेच शहाणपणाचे. काही जण समुद्रसपाटीसाठी एक आणि पहाडासाठी एक अशा दोन तबकड्या करून घेतात. तोही मार्ग चांगला, मात्र कोणती बसवली आहे हे विसरता कामा नये.

अमेरिकेतील ल्युपोल्ड ही कंपनी ज्या माहितीवरून तबकडी कोरून देते, तीच माहिती हे काम करणारे इतरही विचारतात : काडतूस, गोळीचे वजन, हवा कापण्याची तिची क्षमता दाखवणारा गुणांक, सुरुवातीचा वेग, नळीपासून दुर्बिणीची उंची, झिरोचे अंतर आणि जिथे वापरायची तिथली उंची व तापमान. यातला वेग काडतुसाच्या खोक्यावरून उतरवून घेऊ नये. तो कारखान्यातल्या चाचणीच्या नळीत मोजलेला असतो. आपल्या रायफलीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग वेगमापक यंत्राने मोजावा, दहाबारा गोळ्यांची सरासरी घ्यावी.

तबकडी मागवण्याआधी दुर्बीण तपासणे आवश्यक आहे. बरोबर १०० मीटरवर एक उंच फळा उभा करून त्यावर ओळंब्याने उभी रेघ आखावी. रायफल पक्की धरून तबकडी १० मिलिरेडियन फिरवली तर गोळ्यांचा ठसा रेघेवरूनच १०० सेंटिमीटर वर सरकला पाहिजे. तो ९६ सेंटिमीटरच सरकला तर दुर्बिणीची प्रत्येक 'टक्' ४ टक्के लहान आहे, आणि तिच्यावर कितीही काळजीने कोरलेले अंतर चुकीचेच निघेल. ठसा रेघेपासून बाजूला गेला तर दुर्बीण रायफलीवर कललेली बसवली आहे. शेवटी तबकडी शून्यावर परत आणून ठसाही मूळ जागी येतो का, ते पाहावे.

सगळी अंतरे तबकडीच्या एकाच फेऱ्यात बसत असतील तर बरे. दुसरा फेरा सुरू झाला की एकाच जागी दोन आकडे येतात आणि वाचताना एक पूर्ण फेऱ्याची चूक होऊ शकते. शून्यापाशी अडणारी खीळ असलेली दुर्बीण याच कारणाने पसंत केली जाते. आणि तबकडी हाती आल्यावर निदान दोन-तीन मोजलेल्या अंतरांवर गोळ्या झाडून ती पडताळावी. पुष्कळ अनुभवी लोक आधी साध्या तबकडीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर पेन्सिलीने खुणा करतात, हंगामभर त्या तपासतात आणि मगच पक्की तबकडी कोरून घेतात. वैज्ञानिक पद्धत ती हीच!

जाता जाता एक खुलासा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात लक्ष्य नेहमी ५० मीटरवरच असते आणि दुर्बिणीऐवजी बारीक छिद्राची नेमपट्टी वापरतात. तिलाही टक्-टक् फिरणारे स्क्रू असतात, पण अंतर ठरलेलेच असल्याने अंतराच्या आकड्यांची गरज पडत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे सारे रायफलीशिवाय वर्गात दाखवता येते. खाच असलेली लाकडी पट्टी टेबलाच्या कडेपाशी उतरती ठेवा आणि तिचे खालचे टोक असे वळवून घ्या की गोटी आडवी सुटेल. गोटी पट्टीवर निरनिराळ्या ठिकाणांहून सोडून ती जमिनीवर किती दूर पडते ते मोजा. नेमकी ४०, ५० आणि ६० सेंटिमीटरवर पडण्यासाठी कुठून सोडावी लागते, तिथे खुणा करून अंतरेच लिहा. ही तुमची कोरलेली तबकडी झाली. खुणांमधील अंतरे सारखी नाहीत, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल. त्याचे कारण त्यांनाच शोधू द्या.

आता टेबलाच्या पायांखाली विटा ठेवा आणि त्याच खुणांवरून गोटी सोडा. मग टेबल पूर्ववत करून गोटीऐवजी पिंगपाँगचा चेंडू सोडा. तो पोकळ असल्याने उतारावर कमी वेग घेतो आणि हवाही त्याला अधिक अडवते. दोन्ही वेळा पट्टीवरची '६०' ही खूण तशीच राहील, पण गोटी किंवा चेंडू ६० वर पडणार नाही. मग मुलांना एवढेच विचारावे : पट्टीवर ६० लिहिताना आपण आणखी काय काय लिहायला हवे होते? टेबलाची उंची, गोटीचा प्रकार, पट्टीचा उतार... ही यादी त्यांच्याकडून फळ्यावर पुरी झाली की प्रयोगशाळेतल्या दुग्धमापकावर तापमान का छापलेले असते, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.